तिजोरीचं कुलूप

सासरे न्यू जर्सीला आले की तिसऱ्या आठवड्यात दाखवण्यासारखं काही उरत नाही. नायगरा झाला, स्वातंत्र्यदेवी झाली, कॉस्टको तर दोनदा झालं. 2013 चा ऑगस्ट होता. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा मारियानो रिव्हेरा त्या मोसमानंतर निवृत्त होणार होता. म्हटलं, बाबांना रिव्हेरा दाखवू.

"काय करतो हा?"

"क्लोजर आहे, बाबा. शेवटची, नववी इनिंग टाकायला येतो."

"आणि आधीच्या आठ?"

"बसलेला असतो."

बाबा सांगलीत हेड कॅशियर होते. "म्हणजे दिवसभर कॅश दुसऱ्यांनी मोजायची आणि तिजोरीला कुलूप लावायला हे साहेब येणार!"

ट्रेनमध्ये मी रिव्हेराचं वकीलपत्र घेतलं. पनामातल्या कोळ्याचा पोरगा, लहानपणी दुधाच्या खोक्याचा ग्लोव्ह करून खेळलेला. 1997 मध्ये एका सहकाऱ्याशी सहज फेकाफेकी करताना याचा चेंडू आपोआप वळायला लागला. का, ते त्यालाही कळेना. त्या चेंडूचं नाव कटर. तेव्हापासून मुख्यतः तोच टाकतोय.

"एकच चेंडू? सगळ्यांना माहीत असून?" बाबा पहिल्यांदाच सावरून बसले. मग मी भडंगाची पिशवी बॅटसारखी धरून दाखवलं. चेंडू सरळ येतो, येतो आणि अगदी शेवटी डावखुऱ्याच्या अंगात घुसतो. बॅटच्या जाड भागाला लागायचा तो मुठीजवळ बारीक भागावर बसतो आणि बॅट फाडकन मोडते. त्याच वर्षी मिनेसोटाच्या संघाने त्याला निरोपाची भेट म्हणून मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची दिली होती. समोरच्या बाईंनी आपली पर्स पोटाशी धरली, तेव्हा मी पिशवी खाली ठेवली.

"आम्हाला भिंतीवरचं घड्याळ दिलं," बाबा म्हणाले. "तेही बंद."

आठव्या इनिंगला आम्ही दोन धावांनी पुढे. म्हणजे रिव्हेरा येणार! तो येताना लागणारं ते दणदणीत गाणं, उघडणारं बुलपेनचं, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या जागेचं दार, पाठीवरचा 42 हा आकडा, सगळं मी बाबांना आधीच सांगून ठेवलं. बाबांनी चष्मा पुसला. भडंग संपत आलं होतं, पण मूठभर त्याच्यासाठी राखून ठेवलं.

आणि आमच्याच माणसाने तीन धावांचा होमरन ठोकला.

अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मी एकटाच डोकं धरून बसलो. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, मी पाहुण्या संघाचा. त्यांनी सांत्वनाला खांदा थोपटला.

आघाडी पाच धावांची झाली. नववी इनिंग टाकणाऱ्याच्या नावावर सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय, लागायचं तर आघाडी तीन किंवा त्याहून कमी धावांची हवी. पाच असताना त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचा खांदा कोण कशाला झिजवेल? दार उघडलं आणि भलताच कोणी पोरगेलासा बाहेर आला.

बाबांना हे सगळं समजावून सांगेपर्यंत मॅच संपली. राखून ठेवलेला बकाणा त्यांनी तोंडात टाकला आणि शांतपणे चावून झाल्यावर विचारलं,

"म्हणजे जावईबापू, तिजोरीत पैसे जास्त झाले की कुलूप लावायचंच नाही?"