"दुखणं ते दुखणं" हे चूक आहे हो

आमच्या बडोद्याच्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: दुखणं सगळं सारखंच, एक पेनकिलर घ्या नाहीतर सहन करा, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचं दुखणं, आणि मॉर्फिन (अफूपासूनचं तीव्र दुखण्याचं औषध) दिलं की माणूस संपला. चारही गोष्टी चूक आहेत, लोक त्यावर गोळ्या घेतायत म्हणून लिहितेय.

सगळं सारखंच? पाय मुरगळला, सूज आली, तर पॅरासिटामॉल नाहीतर आयबुप्रोफेन चालतं. पण दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीला पंधरा वर्षं शुगर, रात्री तळपायांची आग, मुंग्या, चादर नुसती टेकली तरी कळ, बिचारी पाय पलंगाबाहेर काढून झोपायची. दोन महिने मेडिकलवरून डायक्लोफेनॅक, म्हणजे आयबुप्रोफेनसारखीच सुजेवरची पेनकिलर, आणून खाल्लं, फरक शून्य, वर पित्त. फरक पडणार कसा, तिथे सूज नव्हतीच, शुगरने नसाच (मज्जातंतू) खराब झाल्या होत्या, आणि शुगरवाल्यांच्या किडनीला या गोळ्या जास्तच धोक्याच्या. नसांच्या दुखण्याला प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलीन अशी औषधं देतात. यातली काही मुळात फिटची, काही डिप्रेशनची, म्हणून मावशी म्हणाली, "मला काय वेड लागलंय का गं?" नाही मावशी, त्याच औषधांनी नसांचे चुकीचे सिग्नल कमी होतात. कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नका.

रिपोर्ट नॉर्मल म्हणून मनाचं, हेही नाही. इजा-सुजेचं आणि नसांचं दुखणं सोडून २०१७ पासून दुखण्याचा तिसरा प्रकार मान्य झालाय, त्यात इजा सापडत नाही पण दुखणं जाणवणारी यंत्रणाच जास्त संवेदनशील झालेली असते, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) त्यातलाच. तिथे नियमित हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि झोप यांचाच आधार मोठा. उलट एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली दिसते आणि माणूस मजेत फिरतोय, असंही असतं.

आता मॉर्फिन. कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावर ते द्या असं जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगतेय. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळवणं फार अवघड होतं, २०१४ला तो बदलला. योग्य डोसमध्ये दिलं तर त्याने मरण लवकर येत नाही, पेशंट जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत देतात. मेसेज वाचून कोणी आजोबांची ती गोळी बंद केली असेल तर आत्ताच डॉक्टरांना फोन करा, एकदम थांबवली तर दुखणं परत उसळतं आणि घाम, जुलाब, बेचैनी वेगळीच.