कटर मशीनच्या त्या फॉरवर्डचं काही खरं नाही

गेले पंधरा दिवस आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘कटर मशीन २० वर्षं चालवायचंय? हे नियम पाळा’ (कटर मशीन म्हणजे चेनसॉ, लाकूड कापायची चेनची करवत), खाली आठ नियम आणि शेवटी ‘अनुभवी माणसाकडून’. मला तो चार जणांनी पाठवला, आणि त्यातलेच एक काका परवा मशीन घेऊन दुकानात आले, स्टार्ट होत नाही म्हणून. प्लग काढला तर काळा कुळकुळीत आणि सायलेन्सरचं तोंड कार्बनने अर्धं बुजलेलं. मी लांज्याकडे ग्रासकटर, फवारणी पंप, चेनसॉ अशी छोटी इंजिनं दुरुस्त करतो, म्हणजे असले फॉरवर्ड फिरले की धंदा माझाच वाढतो, तरी लिहितोय.

काकांचा रोग नियम नंबर एकचा. ‘पेट्रोलमध्ये ऑइल डबल टाका, इंजिन डबल चालेल.’ हे लुनाच्या काळातलं डोकं, तेव्हा धूर दिसला की गाडी पोटभर जेवली असं वाटायचं. या टू-स्ट्रोक मशीनांत इंजिनाच्या ऑइलला वेगळी टाकी नसते म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, ते बरोबर, पण किती ते पुस्तकात छापलेलं असतं. ५० ला १ लिहिलंय तर लिटरला २० मिली, २५ ला १ लिहिलंय तर ४० मिली, विषय संपला. जास्तीचं ऑइल पूर्ण जळत नाही, ते प्लगवर बसतं, रिंगा चिकटवतं, धूर बाहेर जायची वाट बुजवतं. आणि गंमत म्हणजे कार्बोरेटरमधून ठरलेलाच रस आत जातो, त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी झालं, म्हणजे ज्या इंजिनाला थंड ठेवायला निघालात तेच उलट जास्त तापतं. ऑइल टाकायलाच विसरून नुसत्या पेट्रोलवर चालवलेली मशीनं पण येतात, त्यांचा पिस्टन काही मिनिटांत धरतो. दोन्हीकडे इलाज एकच, बाटलीच्या बुचाने अंदाजपंचे न ओतता मापाचा कप घ्या.

नियम दोन, ‘चेनला गाडीचं जळकं ऑइल घाला, फुकटात काम.’ फुकट कसलं. चेनचं ऑइल मुद्दाम चिकट केलेलं असतं, म्हणजे बारच्या (चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या) टोकाला वळताना ते उडून जात नाही. जळकं ऑइल पातळ झालेलं असतं, त्यात धातूचा कीस असतो, तो पंपाची जाळी बंद करतो, मग बार कोरडा पडून निळा पडतो. वर ते तुषार होऊन तुमच्याच तोंडावर आणि हातावर बसतं, आणि वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार कातडीला लागणं कॅन्सरच्या दृष्टीने वाईट हे जुनंच माहीत आहे. चेन ऑइल मिळालंच नाही तर एखाद दिवस नवं इंजिन ऑइल घाला. ऑइल सुटतंय का ते बघायचं तर मशीन कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे. टोक पुठ्ठ्याला लावू नका म्हणजे झालं.

नियम तीन, ‘घ्यायचं तर मोठंच, ५८ सीसी, २२ इंच.’ बरोबर कोणत्या तरी सेलची लिंक. अहो काजूची छाटणी, आंब्याच्या सुक्या फांद्या, सरपण, अधूनमधून एखादं अकेशिया, याला ३० ते ३५ सीसी आणि १४ किंवा १६ इंची बार भरपूर झाला. स्टील (Stihl) कंपनीचं एमएस १८० किती जणांकडे आहे बघा, ते ३१.८ सीसीचंच आहे. जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. मोठं मशीन जड, दुपारपर्यंत हात भरून येतात आणि मग चुका होतात, शिवाय लांब बारचं टोक फांद्यांच्या गचपणात कशाला लागतंय ते दिसतच नाही. आजोबांनी लावलेला फणस उतरवायचा असेल तर मोठं मशीन आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही भाड्याने आणा.

त्या टोकाचाच पुढचा नियम, आणि हा वाचून खरंच राग आला. ‘किकबॅक नवशिक्यांना बसतो, हात बसला की ब्रेक काढून टाका, मध्ये मध्ये अडकतो.’ बारच्या नाकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला की दात तिथे अडकतो आणि चेनचा सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे तुमच्या मानेकडे फेकतो. चेन सेकंदाला साधारण २० मीटर पळत असते, तुम्हाला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं, तिथे वीस वर्षांचा अनुभव काय करणार? म्हणून तर पुढच्या हँडलसमोर ती दांडी दिलीय, झटक्याने ती पुढे ढकलली गेली की चेन जागच्या जागी थांबते. ब्रेक अडकतोय म्हणजे आत भुसा आणि ऑइलचा चिखल झालाय, तो साफ करायचा, ब्रेक काढायचा नाही. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून घट्ट वळवलेला पाहिजे, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही आणि शिडीवर उभं राहून तर अजिबात चालवायचं नाही.

‘हातमोजे घातले की पुरे’ यावर जास्त लिहीत नाही. जखमा सगळ्यात जास्त मांडीला आणि गुडघ्याला होतात, आणि जीन्सने काहीही अडत नाही (आपल्याकडे तर लुंगी आणि स्लीपर). चेनसॉच्या खास पँटीत लांब धाग्यांचे थर असतात, ते चेनमध्ये गुंतून मशीन बंद पाडतात. महाग आहे, मान्य, तरी टाक्यांपेक्षा स्वस्त. चष्मा, कानाला मफ आणि चांगले बूट तरी घ्या.

‘पडलेल्या झाडाला धोका नसतो, कुठूनही कापा.’ हे लिहिणाऱ्याने ३ जून २०२० नंतरची श्रीवर्धनकडची वाडी बघितलेली दिसत नाही. निसर्ग वादळात आणि पुढच्या मे महिन्यात तौक्तेत माड-पोफळी-आंबे एकमेकांवर आडवे पडलेले, आणि असं झाड उभ्यापेक्षा वाईट, कारण ते ताणलेल्या धनुष्यासारखं असतं. खोडाची एक बाजू दाबलेली, दुसरी ओढलेली. ओढलेल्या बाजूने सरळ घुसलात तर खोड उभं चिरून अंगावर येतं, दाबलेल्या बाजूने खोल गेलात तर बार चिमटतो. म्हणून आधी दाबलेल्या बाजूला थोडीच खाच, मग ओढलेल्या बाजूने हळूहळू, आणि उभं राहायचं ते ज्या बाजूला खोड उसळणार नाही त्या बाजूला. मुळासकट उन्मळलेलं असेल तर आणखी एक, खोड कापलं की मातीचा तो सगळा गड्डा परत खड्ड्यात उभा राहू शकतो, तेव्हा त्याच्या मागे ना माणूस पाहिजे ना कुत्रं.

‘चेन बोथट झाली की फेका, कानस मारणं वेळेचा अपव्यय.’ चेनवाल्याने लिहिलं असणार. लाकडाचे पापुद्रे उडतायत तोवर धार आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला आणि मशीन दाबावं लागतंय म्हणजे कानस काढा. छोट्या मशीनच्या लो प्रोफाइल चेनला ४ मिमीची गोल कानस, .३२५ इंच पिचच्या (कड्यांच्या मापाच्या) चेनला ४.८ ची, दात बहुतेक ३० अंशात, प्रत्येक दाताला सारखेच हात. दातापुढची छोटी कुबड पण दोन-चार धारांनंतर उतरवायची, दाताच्या टोकापासून ०.६५ मिमी खाली, जास्त उतरवली तर मशीन झटके मारतं. माडाचं खोड कापत असाल तर धार लवकर जाते, कानस खिशातच ठेवा.

शेवटचा नियम, ‘पावसाळ्यात ठेवताना टाकी फुल्ल भरून ठेवा, गंज लागत नाही.’ टाकी प्लास्टिकची आहे ओ, गंजणार काय? आणि आताच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते कोकणातल्या पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं, कार्बोरेटरमधला रबरी पडदा खराब करतं, मग दिवाळीनंतर दोरी ओढून ओढून खांदा उतरतो आणि मशीन माझ्याकडे येतं. महिन्याभरात वापरणार नसाल तर टाकी रिकामी करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, चेन काढून ऑइलमध्ये बुडवून ठेवा, आणि परत बसवताना बार उलटा करून लावा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतील.