मेणवलीचा वाडा नानांचा, आणि जिउबाईंचाही

परवा आत्याला घेऊन वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणवीसांचा वाडा बघायला गेले होते. रविवार, त्यामुळे गर्दी ही. घाटावर फोटो, घंटेखाली फोटो, "इथे शूटिंग झालं होतं" हे ज्याच्या त्याच्या तोंडी. आत्याचे गुडघे दुखतात, तरी पायऱ्या उतरून कृष्णेचं पाणी डोळ्यांना लावून आली. मग वाड्यात खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "नाना गेल्यावर हे घर कुणी सांभाळलं गं?"

शेजारी एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना वाडा दाखवत होते. त्यांनीच उत्तर दिलं, "त्यांच्याच घराण्यात राहिला की." खोटं नाही ते. पण "राहिला" म्हटलं की वाटतं, घर आपोआप राहतं. तसं झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

मेणवली गाव नाना फडणवीसांना 1768 मध्ये इनाम मिळालं, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. तिथे नानांनी नदीकाठी वाडा बांधला, घाट बांधला, मेणेश्वराचं देऊळ उभं केलं. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटाही इथे आली. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण इनाम म्हणजे खरेदीखत नव्हे, हे लक्षात घ्या. सनद हातात असली तरी दरबाराची मर्जी फिरली की जप्ती यायला वेळ लागत नसे. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या सनदांचा हिशेब ठेवला, त्याच्याच घरावर ही वेळ आली.

13 मार्च 1800 रोजी नाना पुण्यात वारले. पोटी मुलगा नाही. दुसऱ्या बाजीरावाने त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली, त्यात मेणवलीचा वाडाही गेला. मागे राहिली जिउबाई, अगदी कोवळ्या वयाची विधवा. घर गेलेलं, पेशवा विरोधात, आणि नानांच्या दडवलेल्या पैशावर सगळ्यांचा डोळा. तिला आसरा मिळाला लोहगडावर. तिथले किल्लेदार धोंडोपंत निजसुरे नानांचे विश्वासू. पुढे लोहगडाचा प्रश्न इंग्रजांपर्यंत गेला, तेव्हा त्या बोलण्यांत जिउबाईच्या सुरक्षिततेची हमी आणि वर्षाला 12,000 रुपयांचा तनखा ठरला. ती पनवेलला राहू लागली. 1804 साली जनरल वेलस्लीने मेणवलीचा वाडा तिला परत मिळवून दिला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

इंग्रजांनी हे उपकार म्हणून केलं असं मी मुळीच मानत नाही, त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी. मला लागतं ते वेगळंच. या वेलस्लीच्या लेखणीतून तिच्याबद्दल जे उतरलं, त्यात ती किती गोरी आणि देखणी आहे हेच ठळक आहे. जप्तीच्या त्या चार वर्षांत तिने काय सोसलं, कुणावर विश्वास ठेवला, कुणावर नाही, त्याबद्दल अक्षर नाही.

आणि वाडा परत आला नसता तर? नानांचं दप्तर याच वाड्यात होतं. रुमालांत बांधलेले मोडी कागद, उत्तर पेशवाईचा सगळा कारभार. साताऱ्याच्या पारसनीसांनी ते पुढे अभ्यासकांसमोर आणलं आणि मेणवली दप्तर हे नाव इतिहासात रुजलं. पुण्यातल्या नाना वाड्याची पुढे शाळा झाली. मेणवलीचं घर मात्र घरच राहिलं. जिउबाईने दत्तक घेतला, आणि वाडा आजही फडणीस घराण्याकडे आहे. माझ्या मते या वाड्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस वास्तुशांतीचा नव्हे, तो 1804 साली परत मिळाला तो आहे.

आत्याने तो प्रश्न का विचारला हे मला ठाऊक आहे. आमच्या घराच्या मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते नाव कमी झालं, आणि खाली थेट काकांचं नाव लागलं. मधली अठरा वर्षं घरपट्टी आजीने भरली. पावत्या अजून पत्र्याच्या डब्यात आहेत, कडा तपकिरी झालेल्या, प्रत्येकीच्या मागे आजीने पेन्सिलीने तारीख घातलेली. कार्यालयात दाखवल्या तेव्हा तिथल्या माणसाने न उलगडताच परत सरकवल्या.

म्हणून विनंती आहे. वाईच्या बाजूला जाल तेव्हा घंटा बघा, घाट बघा, भिंतींवरचे वनस्पतींच्या रंगांतले चित्रांचे तुकडे नीट बघा, हात लावू नका. आणि सोबत लेकरं असतील तर नानांच्या जोडीने जिउबाईंचं नाव सांगा.

मी आत्याला सांगितलं, तिथेच, खांबापाशी बसून. तिने दोनदा नाव विचारून घेतलं. निघताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "आईच्या पावत्या टाकू नकोस हं."