"पेट्रोल गाडी घेणारा खुळाच" म्हणे! एका ईव्हीवाल्याचंच उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडं अजून आला नसेल तर येईल. वर मोठ्या अक्षरात "आता पेट्रोल गाडी घेणारा खुळाच!" अन खाली हिरव्या टिकमार्कांची रांग. ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची इलेक्ट्रिक गाडी, किमीला फक्त १ रुपया, पेट्रोल १० रुपये. तीन वर्षांत गाडी फुकट. सर्व्हिसिंग शून्य. कोल्हापूर-पुणे एका चार्जमध्ये. बॅटरीला आठ वर्षं बघायचं नाही. पुरातही चालते. प्रदूषण शून्य. अन शेवटी ऑफर ३१ तारखेपर्यंत. आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी हा टाकला अन खाली मला टॅग करून विचारलं, "काय पाव्हणं, बुक करू का?"

मला विचारायचं कारण म्हणजे माझ्याकडं दोन वर्षं झाली ईव्ही आहे. कोल्हापुरातल्या फुलेवाडीतनं कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याला दीड हजार, सगळं बॅटरीवर. अन गंमत म्हणजे जातो कुठं तर फौंड्रीत, जिथं दिवसभर इंजिनाच्या ब्लॉकचं कास्टिंग म्हणजे ओतकाम चालतं. पहिल्या दिवशी गेटवरचा सिक्युरिटीवाला गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला होता, "साहेब, सगळ्यांनी असलीच घेतली तर आपण ओतायचं काय?" उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, फुकटची जाहिरात नको अन पुढं एक रडगाणं आहे त्यात बदनामी पण नको. पण गाडी मला लय आवडते हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला पेट्रोल पंपवाल्याचा माणूस म्हणायला नको.

तर पहिलं, किमीला १ रुपया. हा आकडा कुठनं आला ते मला बरोबर माहिती आहे, कारण मला पण शोरूममध्ये हाच दाखवला होता. बॅटरीतनं किमीला साधारण ०.१२ युनिट जाते, युनिटला धरा आठ रुपये, झाला एक रुपया. हिशोब सरळ आहे, पण महावितरणचं बिल सरळ नसतं ना. घरगुती बिल टप्प्याटप्प्यानं चढतं. पहिले १०० युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) धरून सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० ला दर जवळपास दुप्पट म्हणजे अकरा-साडेअकरा, ३०० च्या पुढं आणखी वर, अन या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आता स्वस्तातले पहिले १०० युनिट कोण खातं? फ्रिज, मिक्सर, टीव्ही, पंखे. गाडी सगळ्यात शेवटी येते अन वरच्या टप्प्यात जाऊन बसते, म्हणजे घरातली सगळ्यात महाग वीज तिची. त्यात चार्जिंग करताना थोडी वीज वाटेतच वाया जाते, चार्जरला हात लावून बघा, गरम असतो, ती वीज पण मीटरमध्ये मोजूनच गेलेली असते.

माझ्या घरी महिन्याला ११० युनिट यायचे, बिल हजाराच्या आसपास. गाडी आल्यावर ३१०-३२० युनिट अन बिल पावणेचार हजार. बायकोनं ते पहिलं बिल महिनाभर फ्रिजला मॅग्नेटनं लावून ठेवलं होतं, तोंडानं काही बोलली नाही, मी पण नाही बोललो. दीड हजार किमीला २,८०० रुपये वाढले म्हणजे किमीला एक रुपया ऐंशी-नव्वद पैसे. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याचा दर वेगळा अन स्थिर आकारही वेगळा, स्वतःच्या बिलावर गणित मांडून बघा परवडतंय का ते. हायवेच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीसच्या वर पडतात, जीएसटी वेगळा, तिथं किमीला तीन रुपये सहज जातात.

अन पेट्रोलला १० रुपये कसले? माझी जुनी छोटी गाडी शहर-हायवे मिळून १७ द्यायची, पेट्रोल १०४-१०५ धरा, सहा रुपयांच्या थोडं वर पडतात. दहा रुपये पडायला गाडीनं लिटरला दहा-साडेदहाच दिलं पाहिजे, तेवढं रोज पहिल्या गिअरमध्ये जोतिबा चढणाऱ्यालाच पडेल. म्हणजे मेसेजवाला किमीला नऊ रुपये वाचवतोय, प्रत्यक्षात वाचतात सव्वाचार. सव्वाचार कमी नाहीत, पण निम्म्याच्या खाली आहेत.

आता तीन वर्षांत गाडी फुकट, जरा बसून बघू, कारण सगळी मेख इथंच आहे. मेसेजमध्ये पेट्रोल गाडीची किंमत टाकलीय ती जुनी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासनं छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अन वरचा सेस यावरनं थेट १८ वर आला, ईव्हीवर ५ होता तो ५ च राहिला. म्हणजे दोघींमधलं अंतर वाढलं. दुसऱ्या बाजूला हे पण खरं की दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडं ११ टक्के रोड टॅक्स आहे अन ईव्हीला माफ आहे, थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये पण ईव्हीला १५ टक्के सूट आहे, फक्त गाडीची किंमतच जास्त असल्यामुळं इन्शुरन्सचा दुसरा भाग, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, ती सूट गिळून टाकतो. हे सगळं बेरीज-वजाबाकी करून सारख्या फीचरच्या दोन छोट्या गाड्यांमध्ये ऑन रोड साडेतीन लाखांचा फरक धरा.

साडेतीन लाख भागिले सव्वाचार, म्हणजे ८० हजार किमीच्या वर गाडी पळाली की मग फरक निघाला. अन हे रोख पैशांवर. कर्ज काढलं असेल तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत त्या साडेतीन लाखांवरच ८५ हजारांच्या वर व्याज जातं, ते धरलं की लाख किमीच्या पुढं. माझं महिन्याला दीड हजार आहे, वर्षाला अठरा हजार, सर्व्हिसिंगमध्ये दोन-तीन हजार वाचतात ते पण धरले तरी मला कर्जासकट साडेपाच वर्षं लागणार. मला! रोज साठ किमी मारणाऱ्याला, घरात स्वतःचं पार्किंग अन प्लग असणाऱ्याला.

आता दाजी. दाजी शिक्षक, शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, शाळा चार किमीवर, तिथं स्कूटरवर जातात. गाडी रविवारी निघते, नरसोबाची वाडी नाहीतर जोतिबा, मे महिन्यात एकदा मालवण, दिवाळीत पुण्याला लेकीकडं. मी त्यांना म्हटलं आधी खाली जाऊन तुमच्या आत्ताच्या गाडीचा मीटर बघून या. सात वर्षांत ३८ हजार किमी. म्हणजे महिन्याला साडेचारशे. घरी चार्ज केली असती तरी वर्षाला बावीस-तेवीस हजार वाचणार, साडेतीन लाख निघायला पंधरा वर्षं. अन घरी करणार कुठं, बिल्डिंगला पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर जिथं जागा मिळेल तिथं लागते, तिसऱ्या मजल्यावरनं एक्स्टेन्शन सोडायचं काय? सगळं बाहेरच्या चार्जरवर करायचं म्हटलं तर वीस वर्षांच्या पुढं जातंय. दाजींच्या रिटायरमेंटला नऊ वर्षं आहेत.

कुणी म्हणेल बॅटरी भाड्यानं घ्या की, "फक्त ४.९९ लाखात ईव्ही" अशी जाहिरात आलीच होती. एमजी कंपनीच्या कॉमेट या ईव्हीची ती स्कीम २०२४ ला आली तेव्हा ४.९९ लाख अन वर बॅटरीचं भाडं किमीला अडीच रुपये असं होतं. अडीच अधिक विजेचे पावणेदोन-दोन, झाले सव्वाचार ते साडेचार. पेट्रोलच्या सहाशी तुलना करा अन मग ठरवा. सीएनजीचं तर मेसेजमध्ये नावच नाही, वॅगन-आर सारख्या गाडीला लाखाच्या आत जास्त पैसे देऊन किमीचा खर्च पेट्रोलच्या जवळपास निम्म्यावर येतो, बदल्यात डिकी जाते अन पंपावरच्या रांगेत उभं राहावं लागतं, रविवारी सकाळी तर विचारू नका.

कोल्हापूर-पुणे एका चार्जमध्ये. मेसेजमध्ये रेंज ३१५ लिहिलीय, पुणे २३० किमी, म्हणून पोचलाच. ही रेंज एमआयडीसी टेस्टची असते. एमआयडीसी म्हणजे आपली गोकुळ शिरगावची नव्हे, गाडी लॅबमध्ये रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगानं पळवायची भारतीय टेस्ट. एसी बंद, वेग फार तर ९०, तो पण थोडा वेळ, बाकी सगळं हळू. हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ६० वरनं ९० ला गेला की सव्वादोन पट, तिथं रेंज गळते. पेट्रोल गाडीच्या ब्रोशरमधलं २४-२५ चं मायलेज पण असल्याच टेस्टचं असतं, फक्त पेट्रोल गाडीवाला कराडमध्ये पाच मिनिटांत टाकी भरतो.

गेल्या दिवाळीत आम्ही चौघं, डिकीत फराळाचे डबे, एसी चालू, शंभर टक्क्यांवर निघालो. कराडला ५८ टक्के, साताऱ्याच्या जवळ २७. ॲपवर दाखवलेल्या चार्जरवर गेलो तर स्क्रीन काळी. हॉटेलचा वॉचमन म्हणाला, "कालपासनं बंदच हाय." दुसरा दहा किमी पुढं, तिथं एक गाडी आधीच लागलेली, तिचा मालक मिसळ खायला गेलेला अन फोन उचलेना. पोरं डब्यातल्या चकल्या खात बसली, आई गाडीतच झोपली, मी त्या चार्जरच्या टक्क्याकडं बघत उभा. घरातनं निघाल्यापासनं पुण्यात पोचायला साडेसहा तास. जाता येत नाही असं नाही, जाता येतं, पण "एका चार्जमध्ये" नाही.

घाटाचं मात्र मेसेजवाल्यानं अर्धं खरं लिहिलंय, उतारावर बॅटरी भरते. गगनबावड्यातनं करूळ घाट उतरताना टक्का वाढतो, बघायला मजा येते, ब्रेक पण कमी लागतो. पण चढताना घालवलेलं सगळं परत मिळत नाही. अन पन्हाळ्यावर राहून रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी खाली उतरणाऱ्याला तर काहीच मिळत नाही, भरलेल्या घागरीत अजून पाणी कुठं घालणार.

सर्व्हिसिंग शून्य नाही. इंजिन ऑइल, प्लग, क्लच नाही हे खरं, पण टायर, सस्पेन्शन, ब्रेक ऑइल, कूलंट, एसी फिल्टर सगळं आहे, अन बॅटरीमुळं गाडी जड असल्यानं टायरला जरा जास्तच लागतं. अन आता ते रडगाणं. एका सोमवारी सकाळी गाडी उघडेचना. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, पण गाडीचा मेंदू चालतो १२ व्होल्टच्या साध्या छोट्या बॅटरीवर, ती गेली होती. शेजारच्या काकांनी त्यांची जुनी पेट्रोल अल्टो पुढं आणून लावली, दोन वायरी जोडल्या, तेव्हा माझी ईव्ही जागी झाली. काका अजून भेटले की विचारतात, "आज पेट्रोल लागंल काय?"

बॅटरीची आठ वर्षं अन १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण वॉरंटी असते म्हणजे क्षमता कमी होतच नाही असं नव्हे, हळूहळू होतेच, कंपनी बदलून देते ती ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेली तरच. दाजींची पंधरा वर्षं अन वॉरंटीची आठ, शेजारी शेजारी ठेवून बघा.

पुरात चालते हे वाचून मात्र मला खरंच राग आला. बॅटरीला आयपी ६७ हा पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा असतो, तो म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, अन ते पण बॅटरीच्या डब्यापुरतं, तुमच्या सीट, वायरिंग अन चार्जिंग सॉकेटपुरतं नव्हे. पंचगंगेचं पाणी अर्ध्या तासात उतरतं काय? राजाराम बंधाऱ्याजवळ धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पन्नासच्या पुढं गेलं होतं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता. ३९ ची इशारा पातळी आली की गाडी कुठलीही असो, उंचावर नेऊन लावायची अन घरात बसायचं.

प्रदूषण शून्य म्हणाल तर गल्लीत शून्य, बरोबर. वीज मात्र देशात सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाची, युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे माझ्या गाडीचा किमीला शंभर ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो, म्हणजे १७ च्या ॲव्हरेजला १३५ ग्रॅम. कमी आहे, शून्य नाही. छतावर सोलर असेल तर चित्र बदलतं, पण त्याला आधी छत पाहिजे.

राहिली ३१ तारखेची ऑफर. ३१ नसली तर ३० असते, फेब्रुवारीत २८.

हे सगळं टाईप करून मी ग्रुपवर टाकलं. दाजींनी अंगठा दाखवला. दहा मिनिटांनी त्यांचाच पुढचा फॉरवर्ड आला, "सीएनजी गाडी घेणाऱ्यांनी हे एकदा नक्की वाचा".