झावी आणि ‘आडवे पास’: फिरत्या दाव्याला उत्तर

पुण्यातल्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. आशय असा: स्पेन आणि बार्सिलोनाचा मिडफिल्डर झावी हर्नांडेझनं आयुष्यभर आडवे पास (पुढे न जाता बाजूच्या सहकाऱ्याला दिलेले) दिले, पुढचं सगळं मेस्सीनं केलं, बचावात त्याचा काही उपयोग नव्हता, मुलांना त्याचे व्हिडिओ दाखवून बिघडवू नका. शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक, कारण ते ऐकून मैदानाबाहेरून ‘पुढे मार, पुढे मार’ असा ओरडा सुरू होतो आणि दहा वर्षांचं पोर मान वर न करता बॉल भिरकावून देतं.

‘पुढचं सगळं मेस्सीनं केलं.’

युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा; २००८ची युरो झावीच्या स्पेननं जिंकली, त्यात अर्जेंटिनाचा मेस्सी कुठून येणार? अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध ३३व्या मिनिटाला स्पेनच्या तोरेसनं केलेला एकमेव गोल झावीच्या थ्रू बॉलवर, म्हणजे बचावपटूंच्या फटीतून पुढे सोडलेल्या पासवर, झाला. उपांत्य सामन्यात रशियाविरुद्ध पहिला गोल स्वतः झावीचा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. २०१०च्या विश्वचषकात जर्मनीनं मेस्सीच्या अर्जेंटिनाला ४-० नं घरी पाठवलं. त्याच जर्मनीला स्पेननं उपांत्य फेरीत हरवलं, तेव्हा पुयोलच्या हेडरसाठी कॉर्नर झावीनं घेतला होता. शिवाय मेस्सी बार्सिलोनाकडून पदार्पण करण्याआधी झावी सहा वर्षं मुख्य संघात खेळत होता.

‘आडवेच पास.’

२ मे २००९, माद्रिदच्या मैदानावर बार्सिलोना ६, रिआल माद्रिद २. त्यात झावीचे चार असिस्ट, म्हणजे चार गोल त्याच्या पासवर. त्याच महिन्यात रोममधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मेस्सीच्या हेडरसाठीचा क्रॉस त्याचा. २०११च्या अंतिम सामन्यात पेड्रोला मोकळं करणारा पासही त्याचाच, आणि २०१२च्या युरोच्या अंतिम सामन्यात आल्बा व तोरेस या दोघांचे गोल त्याच्या पासवर. आडव्या पासवर असे गोल होत नाहीत.

आडवे पास तो देत होता, भरपूर देत होता. पण त्यांचं काम समजून घ्यायला हवं. समोरचा संघ दोन ओळींत दाटून उभा असतो. बॉल डावीकडून उजवीकडे गेला की त्या ओळींना सरकावं लागतं, आणि बॉल माणसापेक्षा वेगानं जातो. दोन-तीन वेळा असं झालं की कुणीतरी एक जण अर्धं पाऊल मागे राहतो. फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि सेंटर बॅक (मधला बचावपटू) यांच्यात फट पडते. उभा, म्हणजे सरळ गोलच्या दिशेनं जाणारा, पास तिथून जातो. मात्र त्यासाठी आडवा पास जोरात हवा आणि घेणाऱ्याच्या लांबच्या पायावर हवा, म्हणजे तो बॉल घेतानाच पुढे वळतो. जवळच्या पायावर दिला तर त्याची पाठ गोलकडे राहते. हळू दिला तर प्रतिस्पर्धी बॉलबरोबरच पोहोचतो. अशा फसलेल्या आडव्या पासला नावं ठेवा, जरूर ठेवा.

यात झावीची खरी कमाई म्हणजे बॉल येण्याआधीची मान. पास यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचा. शरीर अर्धं वळलेलं, म्हणून पहिल्या टचलाच सुटका. २००९च्या त्या सामन्यांच्या चित्रफिती पाहताना बॉल सोडून फक्त त्याच्याकडे पाच मिनिटं पाहा.

‘बचावात काही उपयोग नाही.’

त्याच ६-२ च्या सामन्यात रिआलच्या लास दियाराकडून बॉल काढून घेऊन त्यानं मेस्सीला दिला आणि तिसरा गोल झाला. तो घसरून टॅकल करणाऱ्यांतला नव्हता, हे मान्य. त्याचा बचाव म्हणजे बॉल गेल्या क्षणी जवळचा पास बंद करणं.

एक गोष्ट मात्र टीकाकारांच्या बाजूनं सांगायलाच हवी. पाय थकल्यावर ही पद्धत उघडी पडते. २०१३मध्ये बायर्न म्युनिक या जर्मन क्लबनं बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-० असं धुतलं आणि २०१४च्या विश्वचषकात नेदरलँड्सनं स्पेनला ५-१ नं. त्या स्पर्धेत झावी ३४ वर्षांचा होता आणि चिलीविरुद्धच्या पुढच्याच सामन्यात त्याला बाहेर बसवलं गेलं. पण वयानं आलेली मर्यादा पूर्ण कारकिर्दीवर चिकटवता येत नाही.

‘मुलं बिघडतात.’

मुलं बिघडतात ती रोंडो, म्हणजे मधल्या खेळाडूंना चुकवत पास देण्याचा सराव, चुकीचा घेतल्यानं. चार विरुद्ध दोन, साधारण आठ बाय आठ मीटरचा चौकोन, प्रत्येकाला बॉलला दोनच टच. चौकोन पंधरा मीटरचा केला की दबाव जातो आणि मुलं उभी राहून पास देतात. नुसते पास मोजले की ती सोपा पास शोधतात; मधल्या दोघांच्या फटीतून गेलेल्या पासला दोन गुण द्या, मग बघा.

जाळी लावलेल्या पाच-पाचच्या टर्फवर आणखी एक अडचण आहे. चुकलेला पास जाळीला लागून परत येतो, त्यामुळे पासचं वजन, म्हणजे तो किती जोरात द्यायचा, हे शिकायलाच मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलाच्या मैदानावर हीच मुलं गेली की बॉल अर्ध्या वाटेत थांबतो आणि दोष ‘झावी स्टाइल’ला दिला जातो. अशा मैदानावर अंतर पाच-सहा मीटरवर आणा, पास जास्त जोरात मारायला लावा, आणि गुडघाभर उसळणारा बॉल मांडीवर घ्यायचा सराव वेगळा द्या.