मी मीच असल्याचा दाखला

शाळांना बाक पुरवण्याचा माझा छोटासा धंदा आहे. पूर्वी निविदा लाखबंद पाकिटातून जात असे आणि पेटीपाशी बसलेला शिपाई मला चेहऱ्याने ओळखत असे. आता ती संकेतस्थळावर भरावी लागते, आणि आत शिरायला नुसता पासवर्ड पुरत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केलेली डिजिटल सही लागते, तीही ‘क्लास थ्री’ची, कारण ‘क्लास टू’ची सही १ जानेवारी २०२१पासून बंद झाली. रेल्वेचा थर्ड क्लास लाकडी बाकांवर बसून पाहिलेल्या माझ्या पिढीला थर्ड क्लास सर्वांत वरचा असतो, हे पचायला वेळ लागला.

सहीसाठी मूळ पॅनकार्ड हातात धरून कॅमेऱ्यासमोर स्वतःचे नाव सांगायचे होते. पहिल्या वेळी कार्डावर उजेड चमकला, दुसऱ्या वेळी कुकरची शिट्टी झाली आणि तिसऱ्या वेळी सौ.ने आतूनच ‘अहो, नाव नीट सांगा’ असे बजावले.

अखेर ही सही ज्यात असते ते, संगणकाला लावायचे अंगठ्याएवढे डोंगल हाती आले. सहीची खासगी किल्ली, म्हणजे जिच्यावाचून सही उमटत नाही तो गुप्त संकेत, त्याच्या पोटातच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही, त्यामुळे तिची प्रत दाखला देणाऱ्यांकडेही नसते. निविदेची मुदत दुपारी तीनची. अडीच वाजता डोंगल लावले, तर पडद्यावर माझ्याच नावाच्या दोन ओळी उमटल्या: एक गेल्या महिन्यात मुदत संपलेला मी आणि एक ताजा मी. घाईत मी मुदत संपलेला निवडला. मग ताजा निवडला, पण पिन जुन्याचा टाकत राहिलो, आणि पावणेतीनला डोंगलने स्वतःला कुलूप लावून घेतले. ते उघडायचे तर आतली सही पुसूनच.

नव्या सहीसाठी सीएंच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलाने खण उघडला, तर आत गावातील निम्मे व्यापारी रबरबँडने बांधलेले, प्रत्येकाच्या गळ्यात पिनची चिठ्ठी. किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवावी, असे त्याच कायद्याचे कलम ४२ सांगते, हे मी त्याला जरा करड्या आवाजात ऐकवले आणि नवे डोंगल आल्यावर मुकाट्याने त्याच खणात ठेवले. चिठ्ठीवर पिन लिहून खाली नाव घालू लागलो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘नाव राहू द्या काका, तुम्हाला ओळखतो मी.’’