‘वर्षाचे पैसे भरा, सवय आपोआप लागेल’: एका फॉरवर्डची झाडाझडती

जिमच्या ऑफरचे बॅनर लागले की त्यांच्या पाठोपाठ एक मेसेज मोबाइलवर फिरू लागतो. मजकूर साधारण असा: सवय लागायला 21 दिवस पुरतात. वर्षाचे पैसे एकदम भरले की पैशाच्या काळजीने तरी माणूस जातो. फॅमिली पॅकेज स्वस्त पडतं. जितका घाम तितकी चरबी कमी. शेतात आणि घरात राबणाऱ्यांना व्यायामाची गरज नाही. आणि प्रोटीन पावडरीशिवाय सगळं पाण्यात. एकेक मुद्दा घेऊ.

21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम येऊन बसला. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये 96 जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या गेल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागत होते. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. त्यामुळे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, रानात भज्जी-आंबील खाऊन झोप काढली म्हणून पुन्हा एकपासून मोजायला नको.

नवी सवय जुन्या, रोज न चुकता होणाऱ्या कामाला बांधावी लागते. रोज म्हणजे रोज. आपल्याकडे नळाच्या पाण्याला बांधलात तर पाणी चार-आठ दिवसांनी येणार आणि चालणंही तेव्हाच होणार. रात्रीची ताटं उचलली की चपला घालून 15 मिनिटं चालणं, हे जास्त टिकतं. जेवणानंतरच्या या चालण्याने साखरही कमी उसळते. पहिले दोन आठवडे वेळ वाढवू नका. तिसऱ्याच दिवशी तासभर चालून चौथ्या दिवशी पोटऱ्या धरून बसणारे पुष्कळ असतात.

पैसे भरले की शिस्त लागते. याचा हिशेब अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या तीन हेल्थ क्लबांत मांडला गेला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी होत्या. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सरासरी 4.3 वेळा आले. दर खेपेला 17 डॉलरहून जास्त पडले, आणि त्याच क्लबात 10 डॉलरला एक खेप असा पास मिळत होता. ‘आपण जाऊ’ हा अंदाज माणूस उत्साहाच्या दिवशी बांधतो, तिथेच फसतो.

फॅमिली पॅकेज. समजा, चौघांचं वर्षाचं पॅकेज 24,000 रुपये. चौघंही महिन्याला 12 वेळा गेले तर खेपेला 42 रुपये. इतकं स्वस्त काही नाही. पण पहिल्या महिन्यानंतर एकटा मुलगाच जात राहिला, तर वर्षात 180 खेपा होतात आणि खेपेला 133 रुपये पडतात. त्यापेक्षा एक-एक महिन्याची फी भरून हजेरी कॅलेंडरवर मांडा. ज्याच्या दोन महिन्यांत 24 खेपा झाल्या, त्याचंच नाव पुढे घाला.

पॅकेज घ्यायचंच असेल तर जिम सकाळी अकराला बघू नका, तेव्हा ते रिकामंच असतं. संध्याकाळी सातला जा. डंबेल्स कितीपासून आहेत ते बघा. रॅक पाच किलोपासून सुरू होत असेल तर आजींच्या नावाचे पैसे वाया. पत्र्याचं छत असेल तर एप्रिलमध्ये कूलर पुरतो का, लाइट गेल्यावर जनरेटर आहे का, हे विचारा. अनेक ठिकाणी लेडीज बॅच दुपारची वेगळी असते. मग ‘सगळे मिळून जाऊ’ ही कल्पना पहिल्याच दिवशी संपते. मुलांची वयाची अट, आजारपणात मेंबरशिप थांबवायची सोय, जिम बंद पडल्यास उरलेल्या पैशांचं काय, हे पावतीवर लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे. नोंदणीच नसलेल्या छोट्या जिमला तो लावताच येत नाही. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

घाम म्हणजे चरबी. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो उतरलं असेल तर ते बहुतेक पाणी, दोन-तीन ग्लासांत परत येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. 70 किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला तर 250 च्या आसपास जळतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणाऱ्याला चरबी नाही, उष्माघात गाठतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका.

राबणाऱ्यांना गरज नाही. हा मुद्दा अर्धा खरा आहे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या किंवा सोयाबीन काढणाऱ्या बाईला वर ट्रेडमिलवर चालायला सांगणं हा आगाऊपणा. पण ते काम हंगामी, आणि सगळं वाकून. कंबर आणि गुडघे झिजतात, मांड्या-पाठीची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. घरकामाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग जवळपास सगळ्यांचाच सुटतो.

त्याला जिम लागतंच असं नाही. भिंतीला टेकलेली खुर्ची घ्या. पाय खांद्याइतके फाकवून, आधी ढुंगण मागे नेत तीन आकडे मोजत बसा, हात न टेकता उठा. आठ वेळा, मग दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ. शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन बसणं होत असेल तर ताकद तिथे कमी पडते आहे. बैठकीवर घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. गुडघे आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडा. रोखून धरला की बीपी चढतो. सोपं झालं की तेलाचा 5 लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरून छातीशी धरा: पाच किलो वजन, फुकट. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि खिशात साखर ठेवावी.

पावडर. 60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन ज्वारीच्या भाकरी 18, अर्धी वाटी कोरडी तूरडाळ 11, मूठभर शेंगदाणे 7, ग्लासभर दूध 8, एक अंडं 6. झाली बेरीज पूर्ण.

व्यायामाने कमावलेलं खरं गळतं ते तेलाच्या डब्यात. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम स्वयंपाकाचं तेल पुरे. चौघांचं महिन्याला तीन किलो, म्हणजे 15 किलोचा डबा पाच महिने चालायला हवा. डबा फोडल्याची तारीख मार्करने त्याच्यावरच लिहा. मोजताना दिवाळीचा महिना सोडून द्या, नाहीतर घरात भांडण व्हायचं.